सोरायसिस आणि हृदय : आम्ही चुकीचाच प्रश्न विचारत राहिलो

भाईजान गेले त्याला आता नऊ वर्षे होतील. चाळिसावा उरकल्यावर भाभींनी लोखंडी कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "इसका क्या करना देखो भाई," एवढेच म्हणाल्या. पिशवीत भाईजानच्या आजाराचे बावीस वर्षांचे कागद होते. सात वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, मलमांच्या रिकाम्या खोक्यांची कापून ठेवलेली झाकणे, गुडघ्याचा एक एक्स-रे आणि लिव्हरच्या तपासणीचे चार रिपोर्ट. लिव्हरचे रिपोर्ट कशासाठी, तर मेथोट्रेक्सेट नावाची गोळी चालू होती म्हणून.

त्या रात्री मी सगळे कागद तारीखवार लावले. शिक्षकाची सवय. लावता लावता लक्षात आले की बावीस वर्षांत कुणी त्यांचे वजन लिहिलेले नाही. साखर नाही, कोलेस्टेरॉल नाही. रक्तदाबाची नोंद फक्त एका कागदावर होती आणि तो कागद शेवटचा, रात्री अडीच वाजताचा, कॅज्युअल्टीचा होता. त्यावर लिहिले होते, बीपी नॉट रेकॉर्डेबल.

भाईजान इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते. वय सत्तेचाळीस. त्या रात्री पाळीवर असताना जबड्यापासून डाव्या खांद्यापर्यंत दुखू लागले, घाम फुटला. "गॅस झालाय" म्हणून सोडा मागवून प्यायले आणि अर्धा तास कारखान्याच्या पायरीवर बसून राहिले. रिक्षात घातले तेव्हा उशीर झाला होता.

मी डॉक्टर नाही. हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते मी नंतरच्या काळात वाचून, विचारून, दोन-तीन भल्या डॉक्टरांना त्रास देऊन समजून घेतलेले आहे. ते आधी कळले असते तर काय झाले असते, याचा विचार मी आता करत नाही. पण आपल्या मोहल्ल्यात हा आजार असलेली माणसे आजही आहेत, आणि त्यांच्याही पिशवीत तोच कागद नाही. म्हणून हा लेख.

सोरायसिस बहुतेकांनी पाहिलेला असतो, नाव माहीत नसते. कोपरावर, गुडघ्यावर, डोक्यात, कमरेवर लालसर जाड चट्टे, त्यावर चांदीसारख्या पांढऱ्या खपल्या. आपली कातडी साधारण महिनाभरात नवी होते. सोरायसिसमध्ये हेच काम तीन ते पाच दिवसांत उरकले जाते आणि मग जुनी कातडी झडायच्या आत नवी खालून येऊन थर साचतो. हे होते कारण शरीराची संरक्षण-यंत्रणा विनाकारण पेटलेली असते. जंतू नाही, बुरशी नाही, घाण नाही. हात मिळवल्याने, एकाच ताटात जेवल्याने, एकाच चटईवर झोपल्याने तो कुणाला लागत नाही.

पण आमच्याकडे बावीस वर्षे चर्चा झाली ती एवढ्याच एका गोष्टीची. "ये लगता तो नै ना?" न्हाव्याने विचारले, कारखान्यातल्या कांडीवाल्याने विचारले, मोठ्या मुलीच्या स्थळासाठी आलेल्या बायांनी भाभींना आत नेऊन विचारले. मशिदीत वुजू करताना भाईजान बाह्या वर सारायचे तेव्हा शेजारचा माणूस एक नळ सोडून बसायचा. तोंडाने कुणी काही बोलत नसे. सफ लागली की खांद्याला खांदा लावावाच लागतो, पण सजद्यातून उठताना जानमाजवर पडलेला कोंडा भाईजान हळूच तळहाताने गोळा करायचे, हे मी स्वतः पाहिले आहे. पुढे पुढे ते जुम्याला शेवटच्या रांगेत, चपलांजवळ उभे राहू लागले. मग नुसते जुम्यालाच येऊ लागले.

या आजाराचा इतिहासच असा आहे. युरोपात शतकानुशतके सोरायसिसच्या रुग्णांना कुष्ठरोगी समजून गावाबाहेर ठेवले जाई. व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ साली हा आजार कुष्ठरोगाहून निराळा असल्याचे स्पष्ट केले. त्याला पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली, आणि आमचा माणूस अजून एक नळ सोडून बसतो.

'लागतो का' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि ते मिळाले की सगळे निश्चिंत होतात. चला, नुसते कातडीचेच आहे. तिथेच चूक होते.

२००६ साली अमेरिकेतल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. जोएल गेलफंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडच्या नोंदी तपासल्या होत्या. सोरायसिसचे सुमारे १ लाख ३१ हजार रुग्ण आणि तुलनेसाठी सोरायसिस नसलेली साडेपाच लाखांवर माणसे, सरासरी पाच वर्षांच्या नोंदी. वय, सिगारेट, मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब वेगळा काढूनही सोरायसिसवाल्यांत हृदयविकाराचे झटके जास्त निघाले. दर हजार माणसांमागे वर्षाला झटके येण्याचे प्रमाण सोरायसिस नसणाऱ्यांत साधारण ३.६, सौम्य सोरायसिस असणाऱ्यांत ४ आणि तीव्र असणाऱ्यांत ५.१. आकडे ऐकायला लहान आहेत. पण खरी गोष्ट वयात होती. तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या माणसाला त्याच वयाच्या दुसऱ्या माणसाच्या तुलनेत तिपटीने धोका होता. साठीच्या माणसात हाच फरक दीडपटीच्याही आत आला. म्हणजे आजार जितका तीव्र आणि माणूस जितका तरुण, तितकी ही गाठ घट्ट.

इथे एक सावधगिरी हवी. तिशीत झटका येणे हीच मुळात दुर्मीळ गोष्ट, त्यामुळे दुर्मीळ गोष्टीची तिप्पट झाली तरी ती बहुतेकांना होत नाही. कोपरावर दोन चट्टे असलेल्याने रात्रीची झोप घालवू नये. आणि तीव्र म्हणजे किती, हे घरच्या घरी ढोबळ पाहायचे तर आपला बोटांसकट तळहात म्हणजे अंगाच्या कातडीचा जवळपास एक टक्का. दहा तळहातांहून जास्त जागा व्यापली असेल तर तो तीव्र समजतात. भाईजानचे दोन्ही पाय, पाठ आणि डोके भरलेले होते. हिशेब करायची गरजच नव्हती.

आता कातडीचा आणि हृदयाचा संबंध काय? विद्यार्थ्यांना सांगतो तसे सांगतो. हृदयाच्या रक्तवाहिनीत चरबी साचते आणि पाइप चोंदावा तशी ती बंद होते, असे चित्र आपल्या डोक्यात असते. ते अर्धेच खरे आहे. रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी शिरते, तिला हुसकायला संरक्षण-यंत्रणेच्या पेशी धावतात, तिथे दाह सुरू होतो आणि एक मेणचट गोळा तयार होतो. हा गोळा वर्षानुवर्षे गप्प बसू शकतो. दाहाने त्याचे वरचे कवच पातळ झाले की तो फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि वाहिनी बंद होते. बहुतेक झटका येतो तो असा.

सोरायसिसच्या चट्ट्यातही दाहच असतो. तो भडकवणारी जी रसायने आहेत, टीएनएफ, इंटरल्युकिन-१७ वगैरे, ती कातडीत बसून राहत नाहीत. रक्तात उतरतात आणि सगळीकडे फिरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नेहल मेहता यांच्या गटाने सोरायसिसच्या रुग्णांचे पेट स्कॅन केले तेव्हा कातडीचा आजार जितका जास्त तितका महाधमनीच्या भिंतीतला दाहही जास्त दिसला. बाहेर दिसते ते आत चालू असलेल्या आगीचे धुराडे म्हणायचे. सांधेही त्याच आगीत सापडतात. सोरायसिसच्या बऱ्याच रुग्णांना सांधेदुखी होते ती यामुळेच. भाईजानच्या गुडघ्याचा तो एक्स-रे आठवा. तेव्हा 'मागावर उभे राहून झिजला' असे सांगून तो परत दिला होता.

दुसरा संबंध आडवळणाचा आहे आणि तो मला जास्त छळतो. ज्याला लोक टाळतात तो माणूस घरात बसतो. भाईजान तरुणपणी पंचगंगेत पोहायचे. चट्टे आल्यावर नदी सुटली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट सुटला, सकाळचे फिरणे सुटले, लग्नकार्य सुटले. वजन वाढले. बिडी होतीच, तिच्या जोडीला मावा आला. रात्री झोप लागत नसे. मन उदास असे, त्याला आम्ही 'गुस्सैल हो गये' म्हणायचो. वजन, तंबाखू, निद्रानाश, उदासी ही सगळी हृदयाची दुश्मने, आणि यांतले वजन आणि तंबाखू तर खुद्द सोरायसिसही वाढवतात. असे ते चक्र फिरत राहते.

म्हणून सोरायसिसने भाईजानला मारले, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणता येत नाही. अब्बांनाही हृदयाचा त्रास होता. बिडी होती. शिवाय आपण दक्षिण आशियातली माणसे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षे आधी येतो असे दिसले होते. मला एवढेच म्हणायचे आहे की ज्या माणसावर इतक्या बाजूंनी ओझे होते, त्याच्या दंडाला बावीस वर्षांत कुणी बीपीचा पट्टा गुंडाळला नाही.

यात डॉक्टरांचा दोष आहे का? आहे, पण थोडा वाटून घ्यावा लागेल. कातडीचा डॉक्टर कातडी पाहतो. त्याच्याकडे बाहेर चाळीस माणसे बसलेली असतात. फॅमिली डॉक्टर म्हणतो, ते स्किनवाल्याकडे जातात ना. हृदयाच्या डॉक्टरकडे माणूस छातीत दुखल्याशिवाय जात नाही. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात सोरायसिसचे नाव धोका वाढवणाऱ्या गोष्टींत घातले. चाळिशीपुढच्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी द्यावी की नाही अशी शंका असेल तेव्हा सोरायसिसही तराजूत टाकावा, असा त्याचा अर्थ. हे कागदावर आले. आमच्या गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत यायला किती वर्षे लागतील ते मी सांगू शकत नाही. तोवर रुग्णानेच बोलले पाहिजे.

आणि औषधांकडे पाहा. सोरायसिसवरची काही औषधे स्वतःच हृदयाशी संबंधित आकडे हलवतात. सायक्लोस्पोरिनने रक्तदाब वाढू शकतो. ॲसिट्रेटिनने रक्तातली चरबी वाढते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढतात, आणि त्या अचानक बंद केल्या तर सोरायसिस पूर्वीपेक्षा भयंकर उसळतो. भाईजानना एकाने 'जड से ठीक' करणाऱ्या पुड्या दिल्या होत्या. पंधरा दिवसांत कातडी लख्ख झाली, चेहरा गोल झाला. सगळ्या नातेवाइकांनी त्या माणसाचा पत्ता मागून घेतला. दोन महिन्यांनी पुड्या संपल्या आणि भाईजान आठ दिवस अंथरुणातून उठू शकले नाहीत. पुडीत काय होते, कुणी तपासले नाही. अंदाज तुम्हीही करू शकता. उलट बाजूने, रक्तदाबासाठी आणि हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा-ब्लॉकर जातीच्या गोळ्यांनी काहींचा सोरायसिस चिघळतो. म्हणजे कातडीच्या डॉक्टरला हृदयाची आणि हृदयाच्या डॉक्टरला कातडीची गोष्ट सांगितलीच पाहिजे. मनाने मात्र कुठलीच गोळी बंद करायची नाही.

आता कुणी विचारेल, दाहच जर मुळाशी आहे तर दाहावरची औषधे घेतली की हृदय सुरक्षित झाले का? इतके सोपे नाही. २०१७ साली कॅनाकिनुमॅब नावाच्या इंजेक्शनची दहा हजारांवर माणसांत चाचणी झाली. या सगळ्यांना आधी एकदा झटका येऊन गेला होता. कोलेस्टेरॉलला हात न लावता नुसता दाह कमी केला, आणि पुढचे झटके व तत्सम घटना साधारण १५ टक्क्यांनी कमी झाल्या. दाहाची गोष्ट खरी आहे हे त्यातून दिसले, पण जीवघेण्या संसर्गाचे प्रमाणही थोडे वाढले. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेटची तशीच चाचणी झाली, त्यात हृदयाला काहीच फायदा दिसला नाही. सोरायसिसवरची जी नवी महागडी इंजेक्शने आहेत त्यांनी कातडी सुंदर साफ होते, पण ती हृदय वाचवतात असे ठामपणे म्हणता येईल असा पुरावा अजून नाही. तेव्हा हृदयासाठी उपाय जुनेच : रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे, तंबाखू सोडणे, वजन उतरवणे, चालणे.

जाता जाता एक गंमत. २०२३ साली अमेरिकेने कोल्चिसीन नावाचे औषध कमी मात्रेत हृदयविकारासाठी मंजूर केले, दाहावरच काम करणारे. हे औषध ज्या झाडाच्या कंदातून निघते त्याला आपले हकीम सुरंजान म्हणतात आणि शेकडो वर्षे सांधेदुखीवर देत आले आहेत. हे वाचून कुणी अत्तारच्या दुकानातून सुरंजान आणून खाऊ नये. मात्रा चुकली तर ते विषच आहे.

खर्चाचे बोलू. भाईजानच्या पिशवीतल्या पावत्यांची मी बेरीज केली होती. आकडा लिहीत नाही, भाभींना आवडणार नाही. मलमे, तेले, परजिल्ह्यातल्या एका बाबाची पाण्याची बाटली, एका आश्रमाची सहा महिन्यांची औषधे. त्या रकमेच्या शेकडाव्या हिश्श्यात बावीस वर्षे दरसाल साखर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी झाली असती. बीपी तर बऱ्याच ठिकाणी फुकट पाहतात. मोहल्ल्यात रक्तदान शिबिर, मोतीबिंदू शिबिर होते. मशिदीच्या ट्रस्टने बीपीचे एक यंत्र घेऊन जुम्यानंतर दारात बसवायला किती लागतात? आमच्या ट्रस्टपुढे मी हे दोनदा मांडले. दोन्ही वेळा लाउडस्पीकरचा विषय आधी निघाला.

भाईजानना भेटायला येणारी माणसे हजरत अय्यूब यांच्या सब्रची आठवण करून द्यायची. चांगल्या मनाने द्यायची. भाईजान मान हलवायचे. आजारात सब्र लागतो हे मलाही मान्य आहे. पण कुरआनात अय्यूब यांच्या दुःखाची हकीकत जिथे येते तिथे त्यांना जमिनीवर पाय मारायला सांगितले आहे, आणि निघालेले थंड पाणी अंघोळीला व प्यायला दिले आहे. पाय तर त्यांनाच मारावा लागला. आपल्याकडे सब्र म्हणजे दवाखान्यात न जाणे, न विचारणे, 'जे नशिबात असेल ते' असा अर्थ होऊन बसला आहे. आणि बायकांच्या बाबतीत तर बोलायलाच नको. चट्टे बुरख्याखाली झाकले जातात, सासरी कळू नये म्हणून औषधाची ट्यूब तांदळाच्या डब्यात ठेवली जाते, मग छातीतली धडधड कोण कुणाला सांगणार?

रमजानबद्दल एक सूचना, कारण याच महिन्यात मला फोन येतात. मेथोट्रेक्सेटची गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा असते, रोज नाही. सहरीच्या गडबडीत ती रोजच्या गोळ्यांत मिसळून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. तिचा वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, आणि रोजे धरण्याआधी डॉक्टरांशी बोला.

भाईजानचा थोरला मुलगा आता चोवीस वर्षांचा आहे. हा आजार घराण्यात उतरतो, उतरेलच असे नाही. मागच्या महिन्यात त्याच्या कानामागे आणि डोक्यात तेच पांढरे चट्टे दिसले. भाभींनी मला रात्री फोन केला, रडत नव्हत्या, फक्त "आ गया" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्याला घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी नीट पाहिले, सोरायसिस असल्याचे सांगितले, लावायचे औषध लिहिले. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, याचं बीपी बघता का?" त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांच्या खोलीत यंत्र नव्हते. मी दोन वाक्यांत भाईजानची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, कंपाउंडरला खालच्या मजल्यावरच्या फिजिशियनकडे पाठवून यंत्र मागवून घेतले आणि स्वतः पट्टा बांधला. १३८-९०. पुन्हा दहा मिनिटांनी पाहिले, १३४-८८. "चोवीसच्या मानानं जास्त आहे," म्हणाले आणि तो आकडा चिठ्ठीवर लिहिला. मग मावा खातो का विचारले. पोरगा माझ्याकडे बघून गप्प बसला.

सोमवारी उपाशीपोटी साखर आणि लिपिड प्रोफाइल करायचे आहे. सकाळी सात वाजता मीच त्याला घ्यायला जाणार आहे.